‘45 अंशांपर्यंत सुरक्षित’ असा शिक्का मारलेल्या श्वानपेटीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: पिकअपच्या हौद्यात बसवायची दोन कप्प्यांची श्वानपेटी, तिच्यासोबतचे मुसके आणि माहितीपुस्तिका यांतील धोकादायक दोष.

महोदय,

ही पेटी आम्ही चौघांनी मिळून 28,500 रुपयांना घेतली. शर्यतीतून काढलेले ग्रेहाउंड जातीचे कुत्रे आम्ही सांभाळतो. आम्ही शर्यती लावत नाही, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात कुणीही लावू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. पण आपल्या जाहिरातीत ‘मैदानापासून घरापर्यंत गारेगार’ असे छापले आहे. म्हणजे नुकत्याच धावून आलेल्या कुत्र्यासाठीच पेटी विकली जाते, आणि आमची तक्रार त्याच वापराबद्दल आहे.

आधी दारावरच्या शिक्क्याविषयी. ‘45 अंशांपर्यंत सुरक्षित’ हे कशावरून, असे विचारल्यावर आपल्या मदत क्रमांकावरून उत्तर मिळाले की पंख्याची मोटर तेवढ्या तापमानाला चालते. मोटर चालेल हो, पण आतल्या जिवाचे काय? दक्षिण ऑस्ट्रेलियात 229 ग्रेहाउंडचे तापमान शर्यतीआधी आणि शर्यतीनंतर मोजून केलेला अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला आहे. एका शर्यतीत अंगाचे तापमान सरासरी 2.1 अंशांनी चढले. सावलीतले तापमान 38 अंश किंवा वर असताना 39 टक्के कुत्र्यांच्या अंगाचे तापमान 41.5 अंशांच्या धोकादायक पातळीपुढे गेले. मिरज-सांगलीकडे एप्रिल-मेमध्ये 38 म्हणजे नेहमीची दुपार. आपला शिक्का त्याच्याही वर सात अंश जातो.

आता पेटीची रचना. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार येतो तो तळपायांना. अंगातली उष्णता तो धापा टाकून, जिभेवरचे आणि श्वासनलिकेतले पाणी वाफ करून बाहेर काढतो. 30 किलोच्या ग्रेहाउंडचे तापमान दोन अंशांनी उतरवायला सुमारे 50 किलोकॅलरी उष्णता बाहेर पडावी लागते, म्हणजे साधारण 85 ग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते. आपला एक कप्पा 120 सेंटिमीटर लांब, 55 रुंद, 80 उंच, म्हणजे जेमतेम अर्धा घनमीटर. 40 अंशांच्या हवेत, ती अगदी ठणठणीत कोरडी असली तरी, तेवढ्या जागेत 27 ग्रॅमच वाफ मावते. पुढच्या वाफेला जागाच नाही. हवा सतत बदलली नाही तर कुत्रा कितीही धापला तरी गार होत नाही, उलट धापण्याच्या कष्टाने आणखी तापतो. वळीव पडून गेल्यावर तापमान 34 वर आले तरी हवा ओली असते, तेव्हाही धोका टळलेला नसतो, हे पुस्तिकेत कुठेच नाही.

आणि हवा बदलण्याची सोय काय? प्रत्येक कप्प्याला 10 बाय 5 सेंटिमीटरचे दोन झरोके, दोन्ही दाराच्याच बाजूला. समोरच्या भिंतीला हवा बाहेर पडायला वाटच नाही. छताचा पंखा आतलीच हवा घुसळतो, आणि तो गाडीच्या चावीवर चालतो. टोलवर किंवा दवाखान्याच्या दारात इंजिन बंद केले की पंखाही बंद. त्यात छत काळ्या रंगाचे, एकेरी पत्र्याचे, खाली कसलेही अस्तर नाही. रिकामी पेटी उन्हात ठेवून आम्ही मोजले: बाहेर सावलीत 39 अंश, वीस मिनिटांत आत 46. आत कुत्री असती तर त्यांची उष्णता आणि वाफ त्यात वेगळी धरावी लागली असती.

मुसके तर हातात घेऊन पाहावे असे आहे. नायलॉनची रुंद पट्टी, घट्ट वेलक्रो. ते चढवल्यावर तोंड बोटभरही उघडत नाही, जीभ दातांआडच राहते. टाके घालताना दोन मिनिटे वापरायची ही वस्तू. धावून आलेल्या कुत्र्याला ती बांधणे म्हणजे त्याची गार होण्याची मुख्य वाट बंद करणे. ग्रेहाउंडला जाळीचे, टोपलीसारखे मुसके लागते, ज्यात तोंड पूर्ण उघडते, जीभ बाहेर लोंबते आणि पाणीही पिता येते.

सर्वांत घातक आहे पुस्तिकेचे पान 7: ‘धाव संपताच कुत्र्याला मुसके घालून पेटीत बसवा, ओला टॉवेल पांघरा, दार लावून पंखा सुरू करा.’ टॉवेल थोड्याच वेळात अंगाइतका गरम होतो आणि मग गोधडीचे काम करतो. बंद कप्प्यात त्याचीही वाफ कुत्र्याच्याच श्वासात जाते. शिवाय शरीराचे तापमान धाव थांबल्यावरही काही मिनिटे चढतच असते, आणि नेमक्या त्याच मिनिटांत आपण त्याला कोंडायला सांगता.

त्या पानावर हवे ते असे: आधी गार करा, मगच गाडीत घाला. सावलीत उभे करून नळाचे साधे पाणी मानेवर, पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला ओतत राहा. एका कुत्र्याला 15-20 लिटर हाताशी ठेवा. उघड्यावर वारा घाला. दर दोन मिनिटांनी गुदद्वारातून तापमान घ्या आणि 39.5 ला पाणी थांबवा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली घसरते. शुद्धीवर असेल तर घोट-घोट पाणी पिऊ द्या, घशात ओतू नका. झोकांड्या, उलटी, विटकरी लाल हिरड्या, कोसळणे, यांतले काहीही दिसले तर पाणी ओततच डॉक्टरांना फोन लावा.

पुढचे दोन-तीन दिवसही लक्ष ठेवावे लागते. ग्रेहाउंडच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा स्नायूंचा. ते उष्म्याने फाटले की पाठ आणि मांड्या दगडासारख्या आखडतात, लघवी कोऱ्या चहासारखी तपकिरी होते, आणि स्नायूंतून सुटलेले ते रंगद्रव्य मूत्रपिंडे निकामी करू शकते. ‘थकलाय, झोपू दे’ म्हणून सोडून दिलेला कुत्रा असाच हातचा जातो.

प्राण्याला विनाकारण यातना होतील अशी वाहतूक करणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, आणि आपली पुस्तिका ग्राहकाकडून तोच करवून घेते. वापराच्या सूचना किंवा धोक्याचा इशारा अपुरा असल्यास उत्पादकाचे दायित्व ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये स्पष्ट आहे.

आमच्या मागण्या: 45 अंशांचा शिक्का आजच काढावा आणि दुरुस्ती होईपर्यंत विक्री थांबवावी. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना पूर्ण रुंदीची जाळी, हवा बाहेर खेचणारा आणि वेगळ्या बॅटरीवर चालणारा पंखा, पांढरे छत आणि त्याखाली किमान 25 मिलिमीटरचे उष्णतारोधक अस्तर, एवढे बदल विकलेल्या पेट्यांतही विनामूल्य करून द्यावेत. मुसके बदलून द्यावे. पान 7 रद्द केल्याची सूचना प्रत्येक खरेदीदाराला फोन करून द्यावी आणि मराठीबरोबर कानडीतही छापावी, कारण पेट्या सीमेपलीकडेही जातात. हा फोन सर्वांत आधी व्हावा, पत्र्याचे काम नंतर झाले तरी चालेल. आमच्या पेटीचे पैसे परत मिळावेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. पावतीची प्रत, तापमानाच्या नोंदी आणि झरोक्यांची मापासह छायाचित्रे सोबत जोडली आहेत. मुसकेही याच पाकिटात परत पाठवत आहोत. ते स्वतःच्या हाताने बांधून, तोंड किती उघडते ते आपल्या अभियंत्यांनी एकदा पाहावे.

आपले,
ग्रेहाउंड सांभाळणारे चार ग्राहक
मिरज तालुका, जि. सांगली