आदरणीय भाऊसाहेबांस, तालुका न्यायालयातील एका कनिष्ठ लिपिकाचे आभारपत्र

आदरणीय भाऊसाहेब,

सविनय नमस्कार.

आपण नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झालात, तेव्हा निरोप समारंभात आपल्या शांत स्वभावाविषयी आणि वक्तशीरपणाविषयी सर्वच जण भरभरून बोलले. आपण आम्हां नवीन लिपिकांना काम कसे शिकवलेत, आणि त्यामुळे न्यायालयाची पायरी चढणाऱ्या माणसांना नेमके काय मिळाले, हे मात्र सांगायचे राहून गेले. ते नीट लिहावे म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहिण्यालाही कारण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांतील लघुलेखक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई-हमाल अशा ४,६२९ पदांची जाहिरात काढली आणि त्यांतील २,७९५ पदे कनिष्ठ लिपिकांची होती. माझी नेमणूक त्याच भरतीतली. माझ्यासारखी अनेक मुलेमुली आज राज्यभरातल्या न्यायालयांत कुठल्या ना कुठल्या टेबलावर बसलेली आहेत, पण प्रत्येकाच्या शेजारच्या टेबलावर आपल्यासारखे भाऊसाहेब नाहीत. आपण मला जे दिलेत ते त्यांच्यापर्यंतही पोहोचावे, असे मनापासून वाटते.

पदवी, इंग्रजी टंकलेखनाची मिनिटाला ४० आणि मराठीची ३० शब्दांची गती आणि संगणकाचे प्रमाणपत्र एवढ्या शिदोरीवर आम्ही नोकरीत आलो. रोजनामा म्हणजे काय, निशाणी कशाला म्हणतात, पुरसिस आणि अर्ज यांत फरक कोणता, हे यांपैकी कशातही नव्हते. हे शब्द कामाच्या ओघात कानावर पडून कळतातही. परंतु त्या प्रत्येक नोंदीमागे कायद्याचे कोणते कलम उभे आहे आणि ती नोंद चुकली तर कोणाचे काय बुडते, हे कोणीतरी बसून सांगावे लागते. ते आपण सांगितलेत, आणि माझ्या कामाकडे पाहण्याची माझी दृष्टी तेव्हापासून पालटली. लिपिक न्याय देत नाही हे खरे. पण कायद्याने पक्षकाराला दिलेल्या मुदती ज्या तारखांवरून मोजल्या जातात, त्या तारखा बहुतेक वेळा लिपिकाच्या हातून कागदावर उतरतात. ही जाणीव मला आपल्यामुळे झाली आणि माझे सर्वांत मोठे ऋण हेच आहे.

आपण सुरुवात रोजनाम्यापासून, म्हणजे प्रत्येक तारखेला प्रकरणात काय झाले त्या नोंदीपासून, केलीत. ‘समन्स बजावून परत’ एवढी एक ओळ लिहून पुढची तारीख टाकणे सहज शक्य असते, आणि बोर्डवर, म्हणजे त्या दिवसाच्या सुनावणीच्या यादीवर, प्रकरणांची रांग लागलेली असताना तसा मोहही होतो. आपण मात्र मला समन्स बजावणाऱ्या बेलिफांचा अहवाल अखेरपर्यंत वाचायला लावायचात. समन्स प्रतिवादीने स्वतः घेतले की घरातील दुसऱ्या कोणी? घेणारी व्यक्ती कुटुंबातील प्रौढ सदस्य आहे का? कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ प्रमाणे नोकर हा कुटुंबाचा सदस्य मानला जात नाही. प्रतिवादी सापडला नाही किंवा त्याने घेण्यास नकार दिला म्हणून समन्स दाराला चिकटवले असेल, तर घर कोणी दाखवले आणि ते कोणासमोर चिकटवले, हे अहवालात आहे का? बजावणी योग्य झाली की नाही हे ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी न्यायाधीश महोदयांचा आहे, पण त्यांच्यासमोर अहवाल नीट मांडणे आणि त्यांनी दिलेला आदेश तंतोतंत नोंदवणे हे बेंच क्लार्कचे, म्हणजे न्यायाधीशांसमोर बसणाऱ्या लिपिकाचे, काम आहे, अशी आपली शिकवण होती. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, दाखल करण्याची ३० दिवसांची आणि कारणे नोंदवून ९० दिवसांपर्यंत वाढवता येणारी मुदत समन्स बजावल्याच्या तारखेपासून धावते. पुढे दावा एकतर्फा निकाली निघाला आणि प्रतिवादी त्या निकालाचा हुकूमनामा (निकालानुसार काढलेला न्यायालयाचा औपचारिक आदेश) रद्द करून मागायला आला, तर ३० दिवस हुकूमनाम्यापासून मोजायचे की त्याला माहिती झाल्यापासून, हेही समन्स रीतसर बजावले होते की नाही यावर ठरते. गावाकडच्या एखाद्या शेतकऱ्याची जमीन अशा दाव्यात अडकलेली असते आणि तो मुंबईत किंवा सुरतेत कामाला असतो. त्याच्या बाजूने बोलणारा कागद त्या वेळी बेलिफांचा अहवाल आणि त्यावरून लिहिलेला रोजनामा एवढाच असतो. हे समजल्यापासून रोजनाम्याची एकही ओळ मी सवयीने लिहिलेली नाही.

नक्कल टेबलावर मला घ्यावे असा शब्द आपणच अधीक्षकांकडे टाकलात, आणि खरे शिक्षण तेथे झाले. बाहेरून पाहणाऱ्याला नक्कल विभाग म्हणजे झेरॉक्स काढून शिक्का मारण्याची जागा वाटते. सही-शिक्क्याच्या नकलेच्या पाठीमागे आपण ज्या तारखा लिहितो, म्हणजे अर्ज केव्हा आला, नक्कल केव्हा तयार झाली आणि ती केव्हा दिली, त्या तारखांवर अपिलाची मुदत उभी असते, हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात आणि उच्च न्यायालयात जायला ९० दिवस. मुदत कायदा, १९६३ च्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवण्यासाठी लागलेला आवश्यक काळ त्या दिवसांतून वगळला जातो. समजा, निकाल ३ जूनला लागला, नकलेचा अर्ज ५ जूनला आला आणि नक्कल २५ जूनला तयार झाली. मधले जवळपास तीन आठवडे पक्षकाराच्या मुदतीत धरले जात नाहीत. आता ‘तयार झाल्याची तारीख’ या रकान्यात कोणी २५ ऐवजी २० लिहिले, तर कायद्याने दिलेले पाच दिवस एका आकड्याने हिरावले गेले. मग विलंबमाफीचा अर्ज करा, समोरच्या पक्षाला नोटीस काढा, त्यावर सुनावणी घ्या, असे कित्येक महिने अपील दाखल होण्याआधीच निघून जातात.

त्याच कलमाच्या स्पष्टीकरणाकडे आपण माझे लक्ष वेधलेत, त्याबद्दल तर मी आपले वेगळे आभार मानते, कारण त्याचा उपयोग मला जवळजवळ रोज होतो. नकलेचा अर्ज येण्यापूर्वी न्यायालयाला हुकूमनामा तयार करायला जो वेळ लागला, तो वगळला जात नाही. ‘हुकूमनामा तयार झाला की मग नकलेचा अर्ज देऊ’ असे म्हणून घरी परतणारा माणूस आपल्याच मुदतीचे दिवस नकळत खर्च करत असतो. तसेच, नक्कल तयार होऊन पडली आहे आणि पक्षकार ती न्यायला आलेला नाही, तर ते दिवसही त्याच्या खात्यावर पडतात. आपण हे कोणाला व्याख्यानासारखे सांगितले नाहीत. निकालाच्या दिवशी खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला आपण म्हणायचात, ‘‘नकलेचा अर्ज आजच देऊन जा, उद्यावर टाकू नका.’’ तयार नकलांची यादी सूचनाफलकावर त्याच संध्याकाळी लागली पाहिजे, याबाबत आपण कधीच सवलत घेतली नाहीत, आणि ती लावायला शिपाई मोकळे नसतील तर स्वतः उठून जायचात. अपील करावे की नाही हे सांगणे लिपिकाचे काम नव्हे, आणि ती मर्यादा आपण कटाक्षाने पाळलीत. परंतु अर्ज वेळेवर द्या एवढे सांगण्याने कोणती मर्यादा मोडत नाही आणि एखाद्या कुटुंबाचे अपील वाचते. माझे स्पष्ट मत आहे की हे वाक्य प्रत्येक नक्कल विभागाच्या खिडकीवर ठळक अक्षरांत लिहिलेले असायला हवे.

हुकूमनाम्याविषयीची आपली काटेकोर वृत्ती अशीच. निकालापासून १५ दिवसांच्या आत हुकूमनामा तयार झाला पाहिजे असे संहितेचा आदेश २० सांगतो, आणि आपल्या टेबलावर तो नियम पाळला जायचा. आपल्या तालुक्यात वाटपाचे दावे पुष्कळ. सरकारला सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे वाटप झाले की संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष सरसनिरस (जमिनीचा कस पाहून केलेली) वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हायची असते, त्यामुळे आपला कागद न्यायालयातून निघून महसूल आणि भूमी अभिलेख कार्यालयांकडे जातो. तेथील कर्मचाऱ्याने दावा ऐकलेला नसतो. त्याच्यासमोर गट नंबर, क्षेत्र आणि हिस्से एवढेच असते. गट ११२ चा १२१ झाला, तर मोजणीदार चुकीच्या बांधावर उभा राहील. कलम १५२ खाली अशी लेखनदोषाची दुरुस्ती केव्हाही होऊ शकते हे खरे, पण दुरुस्तीचा अर्ज म्हणजे पुन्हा वकील, पुन्हा तारीख, पुन्हा एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. म्हणून मसुदा झाल्यावर एकाने सातबारा हातात घेऊन मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने हुकूमनाम्यावर बोट ठेवून जुळवायचे, ही पद्धत आपण घालून दिलीत. ती आम्ही आजही तशीच चालवतो आहोत.

खिडकीवरचे आपले वागणे मी लक्षपूर्वक पाहिले आहे. नकलेचे शुल्क किती, हे आपण कागदाच्या चिठ्ठीवर आकड्यात लिहून पक्षकाराच्या हातात द्यायचात आणि पावती घेतल्याशिवाय त्याला जाऊ द्यायचा नाहीत. त्यामुळे ‘अजून काही द्यायचे का’ हा प्रश्न विचारण्याची वेळच कोणावर येत नसे, आणि गरीब माणसाचा न्यायालयावरचा विश्वास अशानेच टिकतो अशी माझी श्रद्धा आहे. वकील नसलेली एखादी बाई पोटगीचा कागद घेऊन यायची, तेव्हा आपण तिला आपल्या मनाने सल्ला दिला नाहीत आणि ‘आमचे काम नाही’ म्हणून परतही पाठवले नाहीत. त्याच इमारतीतल्या तालुका विधी सेवा समितीच्या खोलीपर्यंत तिला स्वतः नेऊन पोहोचवलेत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना, बालकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवा मिळते, ही माहिती मला त्याच वेळी झाली.

संगणकाचे काम मला सोपे जाईल असे सर्वांना वाटत होते, आणि टंकलेखनापुरते ते खरेही होते. परंतु पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात तयार झालेल्या सीआयएस या प्रकरणांची माहिती नोंदवण्याच्या संगणक प्रणालीत पुढची तारीख आणि प्रकरणाचा टप्पा त्याच दिवशी भरला पाहिजे, हा आग्रह आपला होता. पूर्वी केवळ तारीख विचारण्यासाठी लोक वाड्या-वस्त्यांवरून यायचे, आणि आता प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मोबाइलवर टाकला की ती घरबसल्या दिसते, पण आपण भरली असेल तरच दिसते, असे आपण म्हणालात. नोकरीची बहुतेक वर्षे हाताने नोंदवह्या लिहिण्यात घालवलेल्या माणसाने नव्या प्रणालीचा उपयोग आमच्याआधी ओळखावा, याचे मला फार कौतुक वाटते.

हे सर्व शिकवायला आपल्याकडे मोकळा वेळ होता असे कोणी समजू नये. पदे रिक्त असताना आपण एकाहून अधिक टेबले सांभाळत होतात आणि तपासणीच्या दिवसांत तर जेवणाचा डबा तसाच राहायचा. कार्यालयाची वेळ संपल्यावर आपली एसटी चुकवून आपण मला नोंदवह्या समजावून दिल्यात, आणि त्याचा उल्लेख आपण कधी कोणाजवळ केला नाहीत. आपल्या घरच्या मंडळींनी त्या संध्याकाळी आपली वाट पाहिली असेल. त्यांचेही मी या पत्राद्वारे आभार मानते.

आपण दिलेली टाचणांची वही मी सवडीने टंकलिखित करीत आहे. नक्कल आणि रोजनामा हे दोन भाग पूर्ण झाले असून आपल्या परवानगीने त्यांच्या प्रती शेजारच्या तालुक्यांतील नव्या सहकाऱ्यांना द्याव्यात असा विचार आहे. आपण एकदा नजरेखालून घातल्याशिवाय मात्र त्या कोणालाही देणार नाही.

पुढील महिन्यापासून मला दरखास्तीचे, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे, टेबल मिळत आहे. स्थावर मालमत्तेच्या जप्तीत आदेश २१ नियम ५४ प्रमाणे दवंडी दिल्याचा आणि जप्तीच्या आदेशाची प्रत मिळकतीवर, न्यायालयात व इतर कार्यालयांत लावल्याचा बेलिफांचा अहवाल कसा तपासावा, त्यात नेमके काय पाहावे, याविषयी आपल्या वहीत दोनच ओळी आहेत आणि माझे प्रश्न पुष्कळ आहेत. आपली प्रकृती ठीक असेल आणि अडचण नसेल, तर एखाद्या रविवारी सकाळी आपल्या घरी यावे असे मनात आहे. कोणता रविवार सोयीचा ते कृपया कळवावे.

काकूंना नमस्कार सांगावा.

आपली कृतज्ञ,
आपल्याच न्यायालयातील एक कनिष्ठ लिपिक