दुकानातल्या ताईंना, उबदार रात्रीबद्दल

प्रिय ताई,

शनिवारी दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी तुम्ही आम्हा दोघांना जवळजवळ तासभर दिलात. गाडीत सामान भरलेलं, तंबू ठोकायची जागा अजून लांब, आणि आम्ही वाट वाकडी करून तुमच्याकडे आलो होतो ते एकाच कामासाठी: माझ्यासाठी जास्त जाड स्लीपिंग बॅग घ्यायची होती. ती न घेताच आम्ही निघालो आणि त्या रात्री मी उजाडेपर्यंत सलग झोपले. "रात्र कशी गेली ते नक्की कळवा," असं तुम्ही म्हणाला होतात. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही सांगितलेलं तंबूत झोपणाऱ्या कुठल्याही जोडप्याच्या उपयोगाचं आहे. आणि तुमचे आभार चारचौघांत मानावेत, असं मला मनापासून वाटतं.

थंडीचा विषय आमच्याकडे जुना आहे. आमच्या दोघांच्या बॅगा एकाच दुकानातून, एकाच वेळी घेतलेल्या, अगदी एकसारख्या. पिशवीवर ठळक अक्षरात ५ अंश छापलेले. त्याच तंबूत, तशाच बॅगेत नवरा गाढ झोपायचा आणि मी मध्यरात्रीनंतर कुडकुडत पहाटेची वाट बघायचे. बॅग तीच, थंडी तीच, म्हणजे फरक माझ्यातच असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. "तुला जरा जास्तच वाजते" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की हळूहळू मलाही ते पटायला लागलं होतं.

तुम्ही मात्र बॅगांच्या कपाटाकडे गेलाच नाहीत. आधी विचारलंत, "थंडी कुठून लागते? वरून की खालून? जाग आल्यावर पाठ गार असते की पाय?" हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी आठवून सांगितलं: कंबर आणि खांदा, ज्या कुशीवर झोपते त्या बाजूचा. मग तुम्ही नवऱ्याला गाडीतून माझी बॅग आणायला लावलीत, ती उलटी केलीत आणि आतल्या शिवणीला लावलेली पांढरी पट्टी आमच्यापुढे धरलीत.

त्या पट्टीवर एक नाही, तीन आकडे होते: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. बॅगांची चाचणी आयएसओ २३५३७ या मानकानुसार होते आणि त्यात कम्फर्टचा आकडा एका प्रमाण स्त्रीसाठी काढतात, हे मला तुमच्याकडून कळलं. वय २५ वर्षं, वजन ६० किलो, उंची १.६० मीटर अशी स्त्री अंग सैल सोडून आरामात झोपू शकेल ते तापमान म्हणजे कम्फर्ट. लिमिटचा आकडा प्रमाण पुरुषासाठी असतो: वय तेच, वजन ७३ किलो, उंची १.७३ मीटर. तो अंग आखडून आठ तास न जागता झोपेल, ते तापमान म्हणजे लिमिट. एक्स्ट्रीमचा आकडा तर झोपेचा नाहीच, जीव वाचण्याचा आहे, आणि तो बघून कुणी बॅग घेऊ नये, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

माझ्या बॅगेचा कम्फर्ट होता ९ अंश. बाहेर ठळक छापलेले ५ अंश हा लिमिट होता. म्हणजे एकसारख्या बॅगांवरचा तो ठळक आकडा नवऱ्याच्या बाजूने बरोबर होता आणि माझ्या बाजूने चार अंशांनी कमी पडत होता. ताई, तुम्ही हे अगदी सहज सांगितलंत, रोज सांगत असाल तसं. पण मला त्या क्षणी केवढं हलकं वाटलं, ते शब्दांत मांडणं अवघड आहे. मला वाजणारी थंडी खरी होती. मानक ठरवणाऱ्यांनी ती मोजून, आकडा देऊन लिहून ठेवली होती. नवऱ्याने पट्टी हातात घेतली, पुन्हा वाचली आणि माझा हात धरला. तुम्ही तेवढ्यात दुसरीकडे पाहिलंत, त्याबद्दलही आभार.

पुढचा प्रश्न तुमचाच: "खाली काय अंथरता?" आमच्याकडे दोघांची मिळून एक जाड, पंपाने फुगवायची गादी होती. मऊ असल्यामुळे ती उबदारही असेल असं कुणालाही वाटावं. तुम्ही समजावलंत की बॅग ऊब स्वतः तयार करत नाही, ती फक्त आपल्या आतल्या तंतूंत किंवा पिसांत हवा अडकवून शरीराची ऊब धरून ठेवते. अंगाखालचा भाग वजनाने दाबला जातो, बसलेल्या उशीसारखा चपटा होतो, त्यातली हवा निघून जाते आणि तिथे बॅग जवळपास नसल्यासारखीच असते. मग खालच्या बाजूने ऊब राखायचं काम अंगाखाली अंथरायच्या मॅटचं. फुगवलेल्या साध्या गादीच्या पोकळीत हवा मोकळी फिरते: वरची अंगाने तापते, खालची जमिनीने गार होते आणि ती रात्रभर ऊब खाली वाहून नेते. शिवाय बॅगेची चाचणी करताना तिच्यात माणसाच्या आकाराचा तापवलेला पुतळा ठेवतात आणि त्याच्याखाली मॅट अंथरलेली असते, त्यामुळे खाली धड काही नसेल तर पट्टीवरचा आकडा लागूच पडत नाही. माझ्या गार कमरेचं उत्तर इथे होतं. जाड बॅग घेतली असती तरी तिचा खालचा भाग तसाच दबला असता.

आर-व्हॅल्यू हा शब्द मी पूर्वी पाहिला होता, पण त्याचा अर्थ तुमच्यामुळे लागला. उष्णता निसटायला मॅट किती अडवते त्याचं ते माप. आकडा जितका मोठा, तितकी मॅट उबदार. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची. २०१८ मध्ये एएसटीएम एफ३३४० हे मानक आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॅटची खरी तुलना करता येऊ लागली. आणखी एक सोयीची गोष्ट: एकावर एक दोन मॅट टाकल्या की त्यांच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. नवऱ्याला तर तुम्ही महागडी मॅट विकलीच नाहीत. त्याच्यासाठी फोमची एक साधी पातळ घडीची मॅट काढलीत आणि म्हणालात, "ह्यांना एवढी पुरे. हवा तेवढाच खर्च करा." माझ्यासाठी आतून फोम असलेली, आपोआप फुगणारी मॅट निवडलीत, आर-व्हॅल्यू चारच्या वरची.

निवडण्याआधी तुम्ही मला दुकानाच्या फरशीवर कुशीवर झोपायला लावलंत. लोक बाजूने जात होते, तुम्ही गुडघे टेकून माझ्या कमरेखाली तळहात सरकवलात आणि हाड जमिनीला टेकतंय का ते पाहिलंत. पहिल्या मॅटवर टेकत होतं, दुसरीवर नाही. पाठीवर झोपणाऱ्याला चालणारी जाडी कुशीवर झोपणाऱ्याला पुरत नाही, हे लेबल वाचून कधीच कळलं नसतं. दोन मॅटच्या मधल्या फटीचंही तुम्हाला आधीच माहीत होतं. रात्री मॅट सरकतात आणि जोडप्यातला एकजण नेमका त्या फटीत जातो. त्यासाठी तुम्ही दोन पट्टे दिलेत आणि वरून एक चादर घालायला सांगितलंत.

आता ज्याबद्दल मला सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत ते. माझी काळजी म्हणून नवऱ्याने तंबूत ठेवायला लहान गॅस हीटर मागितला. तुम्ही सरळ नाही म्हणालात. शेगडी, हीटर, अगदी विझत आलेले कोळसेसुद्धा तंबूच्या आत न्यायचे नाहीत. ज्वाळा दिसत नसली तरी धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतच राहतो. त्या वायूला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत तो बेशुद्ध होतो. "दाराची चेन थोडी उघडी ठेवली तर?" असं त्याने विचारलं, तेव्हाही तुमचं उत्तर बदललं नाही. कपाटात हीटर समोर दिसत होता, मागणारा पैसे द्यायला तयार होता, आणि तुम्ही तो विकला नाहीत. त्याऐवजी घट्ट झाकणाच्या पक्क्या बाटलीत गरम पाणी भरून, तिला मोजा चढवून पायांशी ठेवायची युक्ती दिलीत.

बाकी तुम्ही जाता जाता सांगितलेलं सगळं आम्ही पाळलं. तंबू खोलगट जागेत लावला नाही, कारण गार हवा जड असते आणि रात्री सखल भागात साचते. वर सुकलेली फांदी नाही ना, तेही मान वर करून पाहिलं. वाऱ्याच्या झडपा उघड्या ठेवल्या. श्वासातली वाफ बाहेर गेली नाही तर ती कापडावर जमून थेंबांनी खाली येते आणि तंबू गळतोय असं वाटतं. झोपण्याआधी दिवसभराचे कपडे बदलून कोरडे घातले. घाम वाळला असं वाटलं तरी कापडात ओल राहते, हे तुमचं म्हणणं मोजे काढल्यावर हाताला कळलंच.

रात्री आभाळ स्वच्छ होतं. अशा रात्री जमीन भराभर गार होते, त्यामुळे परीक्षा चांगलीच झाली. बाटली पायांशी, चादर फटीवर, आणि मी नेहमीप्रमाणे कुशीवर. एकदाच जाग आली ती नवऱ्याने विचारलं म्हणून: "गार लागतंय का?" मी नाही म्हटलं. त्यानंतर त्याचा श्वास जड झाला आणि मलाही कधी झोप लागली ते कळलं नाही. याआधी तंबूतली पहाट म्हणजे मला सुटका वाटायची. यावेळी आम्ही दोघं बराच वेळ बाहेर न येता नुसते बोलत पडलो होतो. शनिवार-रविवारची ही सुट्टी आम्ही ज्यासाठी काढतो, ते हेच.

माल विकणं हे तुमचं काम आहे, आणि त्या दिवशी तुम्ही आम्हाला आमच्या यादीपेक्षा बऱ्याच कमी किमतीचं सामान दिलंत. तुमच्या वरिष्ठांपर्यंत हे पत्र पोहोचलं तर त्यांनी एक जाणावं: आमच्या ओळखीतल्या दोन जोडप्यांनी आत्ताच तुमच्याकडे यायचं ठरवलंय, आणि त्यांना आम्ही दुकानाबद्दल सांगताना तुमच्याबद्दलच सांगितलं.

तुम्ही शिकवल्याप्रमाणे बॅगा घट्ट गुंडाळून न ठेवता मोठ्या पिशवीत सैल सोडल्या आहेत आणि माझी मॅट झडप उघडी ठेवून पलंगाखाली आडवी टाकली आहे. एक शंका राहिली आहे. नवऱ्याच्या फोमच्या मॅटला कडेला खिळ्याएवढं भोक पडलंय. त्यात हवा भरायचीच नसल्यामुळे ते तसंच सोडलं तर चालेल असा आमचा अंदाज आहे, पण तुम्ही सांगाल तसं करू. पुढच्या फेरीच्या आधी दुकानात येऊच, तेव्हा समोरासमोर विचारते.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
फरशीवर झोपून मॅट निवडलेली गिऱ्हाईक, आणि तिचा नवरा