रेप्लिका गाडी घेताना आधी आरसी बघा, मग गाडीचे पोट

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत हल्ली अधूनमधून ‘सुपरकार रेप्लिका, उत्तम स्थितीत’ अशी ओळ वाचायला मिळते. रेप्लिका म्हणजे लँबोर्गिनीसारख्या महागड्या गाडीची दिसायला केलेली नक्कल. बघायला गेलेला माणूस गाडीभोवती दोन फेऱ्या मारतो, कात्रीसारखे वर जाणारे दार उघडून बघतो, आत बसून फोटो काढून घेतो आणि विसार देऊन मोकळा होतो. अशा गाड्यांची दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती त्या येतात त्या यानंतर. तोवर उशीर झालेला असतो, म्हणून हे पत्र.

आपल्याकडची रेप्लिका म्हणजे सहसा जुनी होंडा अकॉर्ड, सिव्हिक किंवा तसलीच एखादी सेडान. तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स काढून चौकोनी पाइपच्या नव्या सांगाड्यात सीटच्या मागे बसवतात आणि वरून फायबरची बॉडी चढवतात. अमेरिकेत रेप्लिकावाल्यांना पाँटिअॅक फिएरो मिळाली. १९८४ ते १९८८ या काळात निघालेल्या त्या गाडीचे इंजिन कारखान्यातच सीटमागे बसवलेले होते. इथे रेप्लिकावाल्यांना तशी सोयीची गाडी मिळाली नाही, त्यामुळे इथली रेप्लिका किती चांगली हे तिच्या वेल्डरवर अवलंबून. त्याचे काम बॉडीखाली झाकलेले असते.

पण गाडीखाली शिरण्याआधी आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, हातात घ्या. तिच्यावर बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, रंग, रिकाम्या गाडीचे वजन, चासी नंबर आणि इंजिन नंबर असतो. आरसी म्हणते सलून (म्हणजे सेडान), पाच आसने, चंदेरी रंग. समोर उभी दोन आसनांची पिवळीधमक कूपे. उत्पादकाने मूळ नोंदवलेल्या तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, असे मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले. कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विकणारा म्हणतो, इतक्या वर्षांत कोणी अडवले नाही. खरे असेल. पण नाक्यावरच्या पोलिसाने हसून सोडणे वेगळे आणि अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरने आरसी घेऊन गाडीभोवती फिरणे वेगळे. बदलाची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर नसेल तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकलाच समजा.

चासी नंबर स्वतः शोधा, विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. सेडानमध्ये तो बॉडीच्याच पत्र्यावर ठोकलेला असतो. ती बॉडी कापून टाकली असेल तर नंबराचा पत्रा कुठे गेला? हाताएवढा तुकडा कापून नव्या पाइपवर वेल्ड केलेला दिसला, तर तिथूनच नमस्कार करून परत या. कागद एका गाडीचे आणि गाडी दुसरीच, असा तो मामला आहे. चोरीच्या गाडीलाही हाच इलाज करतात.

परराज्यातला नंबर असेल तर तिथल्या कार्यालयाचा ना हरकत दाखला म्हणजे फॉर्म २८, मालकी बदलासाठी फॉर्म २९ व ३०, आणि गाडीवर कर्ज होते तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ हवा. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गोव्यात ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी ती निरीक्षकापुढे उभी करावी लागते आणि सलूनच्या जागी कूपे तिथे उघडी पडते. ‘नंतर जीए (गोव्याचा नंबर) करून घेऊ’ या भरवशावर गाडी घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. मूळ गाडीचे वयही मोजा. ती २००८ ची असेल तर तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०२३ मध्येच भरली. नूतनीकरण झाले आहे का ते परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर घालून दिसते, थकलेली चलनेही दिसतात.

कागद जुळत नसतील तर शोभेच्या वस्तूचा भाव करा, चालत्या गाडीचा नव्हे. रेस्टॉरंटच्या दारात उभी करायला ती चालेल. फायबरची दोन आसनी गाडी रस्त्यावर चालवायचीच हौस असेल तर १९९० च्या दशकाअखेरीस भारतात निघालेली सॅन स्टॉर्म शोधावी. तिला लँबोर्गिनीचा डौल नाही, पण तिची नोंदणी मुळातच दोन आसनी म्हणून झालेली आहे.

आता गाडीचे पोट. रॅम्पवर चढवायला मालक तयार नसेल तर पुढे बोलूच नका. टॉर्च, लहान हातोडी, लोहचुंबक आणि जाड स्क्रूड्रायव्हर एवढे सामान पुरे. सांगाड्याचे पाइप हलक्या हाताने ठोकत जा. चांगला पाइप खणखणतो, आतून गंजलेला बोदा वाजतो. आपल्या खाऱ्या हवेत पाइप आतून कुजतो, कारण वेल्डरने त्याची टोके उघडी सोडलेली असतात. हवा आत जाते, पावसाळ्यात ओल धरते, बाहेरचा काळा रंग मात्र नवाच राहतो. टोके बंद हवीत, किंवा सर्वांत खालच्या जागी पाणी निथळायला भोक तरी हवे. स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर पत्रा आत गेला तर किंमत कमी करून उपयोग नाही. सांगाडा बदलणे म्हणजे गाडी नव्याने बांधणे.

वेल्डिंग बघताना सस्पेन्शनचे आर्म जिथे बसतात ते ब्रॅकेट आधी बघा, कारण खड्ड्याचा प्रत्येक दणका तिथेच येतो. वेल्डच्या कडेने केसाएवढी काळी रेघ असेल तर ती तडा आहे, आणि तिच्यातून गंजाचा ओघळ आला असेल तर तडा जुना आहे. ग्राइंडर मारून गुळगुळीत केलेल्या वेल्डवर विश्वास ठेवू नका. दिसायला ते सुबक, पण ताकद घासून गेलेली असते. सांगाडा किती पिळतो हे बघायला दाराच्या वरच्या फटीचे माप घ्या, एक कोपरा जॅकवर उचला आणि पुन्हा मोजा. दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक पडला तर सांगाड्यात तिरके आधार कमी आहेत.

याहून घातक गोष्ट मागच्या चाकांत लपलेली असते. सेडानचे पुढचे इंजिन सबफ्रेमसकट (खालच्या चौकटीसकट) मागे नेले म्हणजे स्टिअरिंगने वळणारे हब, ज्यांवर चाके बसतात, तेही मागे गेले. त्यांना वळवणाऱ्या टाय रॉडचे दुसरे टोक सांगाड्यावर पक्के बांधावे लागते. ते ढिले असेल, किंवा पातळ पट्टीवर टांगलेले असेल, तर वेगात ॲक्सिलरेटर सोडताच गाडीची मागची बाजू आपल्या मर्जीने वळते. मागचे चाक जॅकवर उचला, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. जरा जरी खेळ जाणवला तर तो कुठून येतो ते शोधल्याशिवाय गाडी चालवून बघू नका.

हँडब्रेकची तीच कथा. सेडानचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, पुढच्या कॅलिपरमध्ये (ब्रेकची डिस्क दाबणाऱ्या जबड्यात) तो नसतोच. पुढचे कॅलिपर मागे आले की हँडब्रेकची दांडी फक्त शोभेला उरते. पर्वरीच्या चढावर गाडी न्यूट्रलला ठेवून दांडी ओढा, खरे काय ते कळेल.

आणि ब्रेकचा तोल. सेडानचे साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढे असते, म्हणून तिच्या ब्रेकमध्ये मागच्या चाकांचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असतो. पाइप जसेच्या तसे हबबरोबर फिरवले तर पूर्ण दाब मागे आणि तोडलेला दाब पुढे जातो. जोरात ब्रेक मारला की मागची चाके आधी अडकतात आणि गाडी गोल फिरते. मोकळ्या खडीच्या मैदानात पंचवीस-तीसच्या वेगाने ब्रेक मारा आणि बाजूला उभ्या माणसाला चाके बघायला सांगा. पुढची आधी अडकली पाहिजेत. त्याआधी गाडी वे-ब्रिजवर (गाड्यांच्या वजनकाट्यावर) न्यावी. खाणी आणि चिरेखाणींच्या कृपेने गोव्यात वे-ब्रिजला तोटा नाही. आधी फक्त पुढची चाके, मग पूर्ण गाडी, अशी दोन वजने घ्या. वजाबाकी केली की मागचे वजन मिळते. एकूण वजन आरसीवरच्या आकड्याशी ताडून बघा. हे काम थोड्या पैशांत होते, तरी कोणी करत नाही.

चाके ऐटबाज दिसावीत म्हणून हब आणि चाक यांच्यामध्ये स्पेसर (जाड चकती) घालून बाहेर काढलेली असतात. एक नट उघडून किती फेरे बसतो ते मोजा. बारा मिलिमीटरच्या स्टडवर निदान बारा मिलिमीटर पकड हवी, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आट्याला पूर्ण आठ फेरे. चार-पाचवर नट हातात आला तर चाक निसटायची वाट बघत आहे. टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. या गाड्या फिरतात कमी, त्यामुळे नक्षी नवी आणि रबर म्हातारे.

फायबर ओळखायला गोवेकराला शिकवायला नको. मासेमारीच्या होड्यांत आपण तेच बघतो. रुपयाचे नाणे घेऊन टकटक करत जा. आवाज बसका झाला तिथे थर सुटलेत, किंवा पुट्टी भरली आहे. बिजागऱ्यांभोवती चांदणीसारखे तडे म्हणजे आतली लोखंडी पट्टी हलते किंवा गंजून फुगली आहे. आतल्या बाजूला कोरडी पांढरी तंतूची जागा दिसली तर तिथे रेझिन पोचलेच नाही. दाराचे गॅस स्ट्रट दाराला धरून राहतात का, आणि ते निकामी असताना दार आतून एका हाताने उचलता येते का, हे बघा. गाडी उलटली तर बाहेर कसे यायचे, हेही मालकाला विचारा.

फायबरमधून वीज वाहत नाही. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थ, म्हणजे वीज बॅटरीकडे परत जायची वाट, असते, इथे प्रत्येक दिव्याला, पंपाला, पंख्याला वेगळी अर्थ वायर लागते. हेडलाइट लावून बॅटरीचे ऋण टोक आणि दिव्याची अर्थ पिन यांच्यात मल्टिमीटर धरा. ०.२ व्होल्टहून जास्त दाखवले तर अर्थ कच्चा आहे. ‘पावसात दिवे मंद होतात’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते.

रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, म्हणून पाण्याचे पाइप लांब. त्यांच्या सर्वांत उंच जागी हवा काढायचा स्क्रू नसेल तर हवा अडकते आणि काट्यावर काही दिसायच्या आत इंजिन तापते. एसी लावून अर्धा तास जागेवर चालू ठेवा. पंखा चालू-बंद होत राहिला आणि काटा एका जागी टिकला तरच पुढे जा. एक्झॉस्ट फायबरपासून चार बोटे तरी दूर हवा, मध्ये उष्णतारोधक पत्रा हवा. पेट्रोलची टाकी घरगुती फायबरची असेल तर ती बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. ई-२० पेट्रोलमधले इथेनॉल पॉलिस्टर रेझिन विरघळवते आणि ती चिकट राळ इंजेक्टरमध्ये जाते. जुने रबरी पाइपही त्याच पेट्रोलने तडकतात.

चालवून बघताना घाट नको, गतिरोधक हवेत. प्रमाणित गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या गावात लोकांनी हौसेने घातलेले त्याहून उभे. पोट टेकले, तर ते सायलेन्सर घासते की सांगाडा, हे लगेच खाली वाकून बघावे.

एक राहिले. काही जण ‘पर्यटकांना भाड्याने देऊन पैसे वसूल करू’ या हिशेबाने अशी गाडी घेतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही, लग्नाच्या वरातीलाही नाही. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळी पाटी व पिवळी अक्षरे लागतात, आणि आरसीशी न जुळणाऱ्या गाडीला ती मिळायची नाही. विक्रीच्या करारपत्रात ‘रेप्लिका’ हा शब्द, मूळ गाडीचे मॉडेल, चासी नंबर आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

आपले,
गॅरेज व्यवसायातील काही वाचक, म्हापसा