पोळपाटाचं भरती-ओहोटीचं घड्याळ

ती. बाबा आणि आईस सा. न.,

रविवारी व्हिडिओ कॉलवर आई तू विचारलंस ना, भिंतीवर तो माझा फणसाचा पोळपाट का टांगलायस, तर त्याचं घड्याळ केलंय. वेळेचं नाही, आपल्या दाभोळ खाडीच्या भरती-ओहोटीचं. एकच काटा, वर गेला की पूर्ण भरती, खाली आला की पूर्ण ओहोटी, शिवाय दोन बारके दिवे, निळा लागला की उधाण, पिवळा लागला की भांग, म्हणजे कमी जोराची भरती.

बाबा, तुम्ही धक्क्यावर शिकवलेला हिशोब, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, तिथूनच सुरुवात केली. भरती ते भरती सरासरी 12 तास 25 मिनिटं. पण हा नुसता चंद्राचा हिशोब, सूर्यही पाणी ओढतो आणि त्याची लय बरोबर 12 तासांची, अमावास्या-पौर्णिमेला दोघं एकत्र ओढतात तेव्हा उधाण, अष्टमीच्या सुमारास एकमेकांच्या आड येतात तेव्हा भांग. त्यात आपल्याकडे दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या नसतात, त्यासाठी आणखी दोन लयी घेतल्या, अशी चारांची बेरीज करून प्रोग्राम पुढची भरती काढतो. केल्विन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1872 मध्ये हीच बेरीज चाकं आणि कप्प्यांवरून दोरी फिरवून करणारं मशीन केलं होतं, मला ती नखाएवढ्या चिपवर करता येते याचं अजून नवल वाटतं.

वेळ मोजायला आधी विजेचे 50 हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला 50 हेलकावे, वापरणार होतो. पण 2018 च्या सुरुवातीला इथे युरोपात वीजजाळ्याची ही फ्रिक्वेन्सी कमी राहिली आणि तिच्यावर चालणारी घड्याळं जवळजवळ 6 मिनिटं मागे पडली होती, आणि आपल्याकडे तर पहिल्या पावसातच लाईट जाते. म्हणून बटणसेलवर वेळ धरून ठेवणारी डीएस3231 चिप लावली, वर्षात फार तर मिनिटभर चुकते.

काट्याने मात्र फार छळलं. छोटी स्टेपर मोटर आहे, एकेक बारीक पाऊल टाकत फिरणारी, एका फेरीला 4096 स्टेप्स धरल्या आणि पंधरा दिवसात काटा पावणेदोन तास पुढे! चार रात्री प्रोग्रामच तपासत बसलो. शेवटी मोटर उघडून गिअरचे दात एकेक मोजले, तर फेरी 4076 लाच पुरी होते. आता काट्यामागे लोहचुंबकाचा तुकडा आणि खाली सेन्सर आहे, लाईट जाऊन आली की काटा आपली जागा शोधून घेतो.

मोटरचा दांडा आखूड, म्हणून पोळपाट मागून पटाशीने कोरला, मध्ये जेमतेम 4 मिलिमीटर लाकूड ठेवलं, टेबलभर पिवळाधमक भुसा. सर्किट पायांच्या मधे मस्त बसलं. खाऱ्या हवेसाठी त्यावर वार्निशचे दोन हात दिलेत.

बाबा, एक काम करा. भरतीच्या तक्त्यातली वेळ खाडीच्या तोंडाची असते, आपल्या धक्क्यावर पाणी उशिरा चढतं, किती उशिरा ते मला हवंय. येत्या अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पाणी कुठल्या पायरीला आणि किती वाजता थांबलं ते रोज व्हॉट्सअॅपवर टाका, आई कालवांना जाईल तेव्हा ओहोटीचीही वेळ बघून ठेव गं.

गणपतीला घड्याळ हँडबॅगेतून घेऊन येतो, ओटीवर लावू. चतुर्थीला तुमच्या हिशोबाने तीनला भरती, काटा काय म्हणतो ते धक्क्यावर उभं राहून बघू.

तुमचा,
बाळा