त्या एकडोळ्या बाहुल्याबद्दल

ताकासाकी, गुन्मा, जपान
१२ जानेवारी २०२६

तीर्थरूप आप्पा आणि आई यांना,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र बघून घाबरू नका. काही झालेलं नाही. तब्येत उत्तम आहे, वजन दोन किलोनं वाढलंय. थंडीचं म्हणाल तर डोंगरावरून कोरडा वारा सुटतो तेवढाच, अंगात तीन-तीन कपडे असतात. फोनवर आपलं बोलणं असं होतच नाही. तुम्ही विचारता जेवलीस का, मी म्हणते जेवले, तेवढ्यात दादाचं पोरगं फोन घेऊन पळतं आणि इकडं माझी ड्यूटीची वेळ होते. या वेळी मला एक गोष्ट सलग सांगायची आहे, मध्ये कुणी न बोलता. म्हणून कागद घेतला. हे पोचेल तेव्हा संक्रांत होऊन गेलेली असेल. तिळगूळ घ्या आणि गोड बोला, निदान पत्र संपेपर्यंत तरी.

आधी आईच्या काळजीचं. परवा फोनवर माझ्या पाठीमागं तो लाल, एकाच डोळ्याचा बाहुला तुला दिसला आणि नंतर तू वहिनीला म्हणालीस की पोरगी तिकडं कसल्यातरी देवाच्या नादी लागली. (वहिनीनं सांगितलं. तिला बोलू नकोस.) आई, तो देव नाही आणि करणीचा तर मुळीच नाही. त्याला दारुमा म्हणतात. दारुमा म्हणजे बोधिधर्म, आणि तो आपल्याकडचाच. दक्षिणेतला, कांचीपुरमचा राजपुत्र होता असं मानतात. तो चीनमध्ये गेला आणि भिंतीकडं तोंड करून नऊ वर्षं ध्यानाला बसला. बसून बसून त्याचे पाय गेले, अशी कथा आहे. म्हणून बाहुल्याला हातपाय नाहीत. खाली वजन असतं, ढकलला तरी पुन्हा उभा राहतो. भुवया नीट बघ, त्या करकोच्यांच्या आकाराच्या आहेत आणि गालावरच्या मिशा कासवाच्या. दोन्ही दीर्घायुष्याचे. लाल रंगाचं तर आजीला लगेच पटेल. जुन्या काळी देवीची साथ आली की इकडं लाल रंगानं ती दूर राहते असं समजत, मुलांजवळ लाल खेळणी ठेवत.

आता डोळ्याचं. बाजारात मिळतो तेव्हा त्याचे दोन्ही डोळे कोरे असतात, नुसते पांढरे. घरी आणायचा, या वर्षात काय करायचं ते मनाशी ठरवायचं आणि एक डोळा काळ्या शाईनं भरायचा. कुठलाही नाही, त्याचा डावा, म्हणजे समोरून बघताना आपल्या उजव्या हाताचा. मग तो वर्षभर एका डोळ्यानं तुमच्याकडं बघत बसतो. ठरवलेलं झालं की दुसरा डोळा. वर्ष संपलं की देवळात नेऊन देतात, तिथं सगळे एकत्र जाळतात, आणि नवा आणतात. निवडणुकीत उमेदवारसुद्धा जिंकल्यावर कॅमेऱ्यासमोर याचा डोळा भरतात! आमचं ताकासाकी तर दारुमांचं गावच, जपानातले बहुतेक दारुमा इथंच होतात. १७८३ साली जवळचा आसामा ज्वालामुखी फुटला, राख पडून पिकं गेली, दुष्काळ पडला. तेव्हा इथल्या देवळातल्या स्वामींनी लाकडी साचा करून दिला आणि शेतकऱ्यांना कागदाच्या लगद्याचे बाहुले करायला शिकवलं, जोडधंदा म्हणून. आप्पा, तुम्हाला आवडेल म्हणून हे सांगितलं. पीक गेलेल्या लोकांनी सुरू केलेली गोष्ट आहे ही.

१ आणि २ जानेवारीला स्टेशनासमोरच्या रस्त्यावर दारुमांचा बाजार भरतो. मी दोन तारखेला सगळ्यात लहान बघून आणला. पण डोळा भरायला चार दिवस लागले, कारण काय ठरवायचं तेच लिहिता येईना. ते सांगायलाच हे पत्र.

आमच्या वृद्धांच्या केंद्रात राहणाऱ्या प्रत्येकाचा केअर प्लॅन, म्हणजे देखभालीचा आराखडा, असतो. त्यात दोन रकाने असतात, लांबचं ध्येय आणि जवळचं ध्येय, आणि दोन्हींपुढं मुदत लिहिलेली, अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत. माणूस ब्याण्णव वर्षांचं असलं तरी. सुरुवातीला मला हसू यायचं. आपल्याकडं या वयात कुणाला विचारलं, तुमचं पुढचं ध्येय काय, तर काठी घेऊन मागं लागतील. ध्येय म्हटलं की मला शाळेच्या भिंतीवरचे सुविचारच आठवतात. इथला शब्द आहे मोकुह्यो. त्यातलं पहिलं अक्षर डोळ्याचं आणि दुसरं खुणेचं. डोळ्यांपुढं धरलेली खूण, एवढंच. दिसली पाहिजे.

आमच्या मजल्यावर एक आजी आहेत, पडल्यापासून चाकाच्या खुर्चीत. गेल्या वर्षी प्लॅन करणाऱ्या बाईंनी त्यांना विचारलं, काय करावंसं वाटतं? आजी म्हणाल्या, मरावंसं. बाईंनी ते शांतपणे लिहून घेतलं आणि म्हणाल्या, आणि त्याच्या आधी? बराच वेळ गेला. मग आजी म्हणाल्या, कपडे वाळत घालायचे होते. झालं, तेच कागदावर आलं. तीन महिन्यांत कठड्याला धरून पाच मिनिटं उभं राहणं, सहा महिन्यांत टॉवेल वाळत घालणं. रोज त्यांना उभं करायचं काम माझं. त्या रोज मला शिव्या द्यायच्या, म्हणजे जपानी शिव्या, आपल्याकडं त्यांना कुणी शिवी म्हणणार नाही. नोव्हेंबरात त्यांनी चार टॉवेल वाळत घातले. वाकडेच घातले, एकाचं टोक खाली लोंबत होतं. कुणी सरळ केले नाहीत.

त्याच सुमाराला आमचा कामाचा कागद आला. सहा महिन्यांनी प्रत्येकानं आपलं ध्येय लिहून द्यायचं असतं. मी लिहिलं, मन लावून काम करीन आणि सगळ्यांशी चांगलं वागीन. साहेबांनी वाचलं, मान हलवली (इथं मान हलवली म्हणजे होकार नव्हे, ऐकलं एवढंच) आणि विचारलं, हे झालं की नाही ते मार्चमध्ये आपल्याला कळणार कसं? मला उत्तर आलं नाही. कागद परत मिळाला.

खोलीवर येऊन बसले तेव्हा लक्षात आलं की आजवर माझं मी काही ठरवलंच नाही. नर्सिंगचं मामा बोलले, सांगलीची नोकरी मैत्रिणीनं बघून दिली, जपानचं दादाला कुणीतरी सांगितलं. ही तक्रार नाही आप्पा, सगळं चांगलंच झालं. पण दर रविवारी तुम्ही विचारता, "पुढचं काय ठरवलंस?" आणि मी म्हणते बघू. तुम्हाला वाटतं मी टाळते. टाळत नव्हते हो, खरंच काही नव्हतं सांगायला.

आता आहे. वहीत लिहिलंय, तारखांसकट. जपानी भाषेची एन-३, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा डिसेंबरात दिली, निकाल या महिन्याच्या शेवटी. (जुलैत नापास झाले होते. तेव्हा सांगितलं नाही, आज सांगते.) या वेळीही गेली तर येत्या जुलैत पुन्हा. २०२७ मध्ये याच कामाचा ४५० तासांचा कोर्स, तो नोकरी सांभाळून करता येतो. आणि जानेवारी २०२८ मध्ये काइगो-फुकुशिशीची परीक्षा, म्हणजे या कामातली सरकारी पदवीच समजा. १२५ प्रश्न, सगळे जपानीत. तीन वर्षं काम झाल्याशिवाय बसू देत नाहीत, म्हणून त्याच्या आधी नाही. हे लिहून झालं तेव्हा डोळा भरला. हात थरथरला म्हणून जरा तिरळा झालाय.

आप्पा, दोन वर्षं आधीपासून काय ठरवायचं असं तुम्ही तरी म्हणू नका. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षाची बाग नुसता सांगाडा दिसते, जाणारा-येणारा हळहळतो. पण ऑक्टोबरनंतर किती घड दिसणार ते त्याच दिवसांत, ऊन किती मिळतं त्यावर, काडीत ठरतं, हे मी तुमच्याकडूनच ऐकलंय. गेल्या मेमध्ये पावसानं ऊन झाकलं त्याचं काय झालं ते तुम्ही भोगताच आहात. मला माझं ऊन आत्ताच पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

आता तुम्ही म्हणाल, पाच वर्षांचं ठरलं होतं. हो, ठरलं होतं. आत्ताच्या व्हिसावर एकूण पाचच वर्षं मिळतात, ऑक्टोबर २०२९ ला ती संपतात, आणि तोपर्यंत घरचं माणूस आणता येत नाही. ही परीक्षा पास झाले तर दुसरा व्हिसा मिळतो, तो पुन्हा पुन्हा वाढवता येतो, नवरा-मुलं आणता येतात. येतात म्हणजे आणणारच असं नाही. मी कायमची इथं राहणार असं मी या पत्रात कुठंही लिहिलेलं नाही, हवं तर परत वाचा. राहायचं की यायचं ते माझ्या हातात असावं, व्हिसा संपला म्हणून यावं लागू नये, असं वाटलं. आणि परक्यांच्या म्हाताऱ्यांचं करायला एवढं शिकायचं, हे काकूंचं बोलणं माझ्या कानावर आलंय. त्यांना काही सांगू नका.

आजीचं गुडघ्याचं वाचून दोन दिवस जीव लागला नाही. तिला दोन्ही बाजूंनी धरून उचलू नका, त्यानं पाय आणखी जातात. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, पुढं घट्ट काहीतरी धरायला द्या, आणि तिचं तिला उठू द्या. वेळ लागेल. घाई करायची नाही, हे मुख्य. आणि तिला काम द्या. आई, तू तिला हातात काही घेऊ देत नाहीस, प्रेमानंच, पण लसूण सोलायला दे. मी तिच्यासाठी एक ध्येय लिहिलंय, माझ्या वहीत शेवटच्या पानावर: पाडव्यापर्यंत उंबरठ्यापासून तुळशीपर्यंत, वहिनीचा एक हात धरून. हे मी तिथं असून करायला पाहिजे होतं, ते मला कळतं.

पैशांचं. या महिन्यात चाळीसच्या ऐवजी तीस हजार येतील. एका येनाला साठ पैसेसुद्धा मिळत नाहीत हे एक, आणि कोर्सची फी मी आत्तापासून बाजूला काढतेय हे दुसरं. पतसंस्थेचा चौदा हजारांचा हप्ता चुकू देऊ नका, नऊच राहिलेत. आईचे तोडे गणपतीपर्यंत सोडवते म्हटलं होतं, ते दिवाळीवर जाईल. दिवाळीच्या पुढं नाही. दादाला म्हणावं, ट्रॅक्टरचं इतक्यात काढू नको.

कवठेमहांकाळचं स्थळ. फोटो बघितला. मुलगा बरा आहे, महावितरणची नोकरी आहे, सगळं मान्य. मी नाही म्हणत नाही. तुम्ही फक्त एवढं विचारा की २०२८ च्या मार्चपर्यंत, म्हणजे माझा निकाल लागेपर्यंत, थांबायची तयारी आहे का. तेव्हा मी तिशीची असेन. आई, मला मोजता येतं. त्यांनी नाही म्हटलं तर राग धरू नका, त्यांचंही बरोबरच आहे. आणि हो म्हटलं तर त्याचा नंबर दादाकडून पाठवा, मी स्वतः बोलेन. दारुमाचं मात्र आपण होऊन सांगू नका.

चटणी अजून पुरतेय. पाठवायची घाई नको.

तुमची,
ताई

ता. क. आजीला पत्र वाचून दाखवाल तेव्हा २०२८ म्हणू नका. पुढच्या संक्रांतीला येते म्हणावं. रजा मिळाली तर येईनच.