माझ्या मुलीच्या उत्तरासाठी थांबलेल्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

परवा थोरलीचा निकाल घेऊन तुमच्याकडं आलो होतो, तेव्हा आभार मानायचे राहूनच गेले. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, "येतो सर" म्हणालो आणि जिना उतरलो. केबिनमध्ये चार पोरं जर्नल तपासून घ्यायला उभी होती, आणि बोलायला गेलो असतो तर माझा घसा दाटून आला असता. म्हणून लिहितोय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही वर्गात काय करता ते लोकांना कळायला पाहिजे. जे तसं करत नाहीत त्यांनाही कळायला पाहिजे.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं माझ्याबद्दल. मी पॅटर्न मेकर. शिवाजी उद्यमनगरात छोटं दुकान आहे. फौंड्रीत वितळलेल्या धातूचा रस ओतायच्या आधी वाळूत साचा उठवतात, तो ज्या लाकडी नमुन्यावरून उठवतात तो नमुना घडवणं हे आमचं काम. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्र्यांना आमच्यासारखी दुकानं पॅटर्न पुरवतात. थोरली लाकडाच्या भुशात खेळतच मोठी झाली. मराठी शाळेत शिकली आणि मेकॅनिकल घेतलं ते स्वतःच्या हट्टानं. घरात कुणी सांगितलं नव्हतं.

ती पोरगी इंजिनिअरिंगला गेली आणि गप्प झाली. पहिल्या वर्षी वाटलं नवीन आहे, रुळेल. दुसऱ्या वर्षी एक विषय राहिला तेव्हा मी कॉलेजात जाऊन त्या विषयाच्या मास्तरांना भेटलो. ते मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "मराठी मीडियमची मुलं मागंच पडतात. त्यात मुलगी, त्यात मेकॅनिकल. झेपत नसेल तर विचार करा." विषय कुठं अडतोय, ती कुठं चुकतेय, यावर एक शब्द नाही. पोरीच्या तोंडून नंतर कळलं की वर्गात पडद्यावर स्लाइड लागायच्या आणि ते त्या वाचून दाखवायचे. मधूनच कुणाला तरी उभं करून प्रश्न विचारायचे. हिचं वाक्य मनात जुळेपर्यंत "नेक्स्ट" म्हणून पुढच्या मुलाकडं वळायचे. पुढं पुढं ती प्रश्न ऐकूच येऊ नये म्हणून मागच्या बाकावर बसायला लागली. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी रंधा बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बसून होतो. घरात नऊ-दहा वर्षांच्या वयात पॅटर्नचा ड्राफ्ट, म्हणजे तो वाळूतून अलगद सुटावा म्हणून ठेवलेला उतार, डोळ्यांनी ओळखणारी पोरगी ती.

आणि याच विभागात भिंतीवर व्हिजन आणि मिशनच्या चौकटी लावलेल्या आहेत, सर. कोर्स आउटकमचे, म्हणजे विषय शिकल्यावर मुलाला काय यायला पाहिजे त्याचे, तक्ते आहेत. ते कशासाठी असतात हे मला तुम्हीच नंतर सांगितलंत, की २०१४ साली भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानणाऱ्या देशांच्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला. आपल्या मान्यताप्राप्त पदव्यांना बाहेर किंमत मिळावी म्हणून मास्तरांनी किती शिकवलं यापेक्षा मुलाला काय करता येतं हे दाखवावं लागतं. विचार सोन्यासारखा आहे. पण फायली भरणारे हात आणि मुलांना शिकवणारे हात एकच असतात, आणि काही जणांचे फक्त फायलीपर्यंतच पोचतात. हे मी रागानं लिहितोय आणि तो राग मी लपवणार नाही.

मग तिसऱ्या वर्षी तुम्ही आलात.

तुम्ही आधी दुकानात आलात. कास्टिंग शिकवायचं आहे, पॅटर्न बघायचे आहेत म्हणालात. आमची श्रिंकेजची पट्टी हातात घेतलीत आणि खिशातली साधी पट्टी काढून शेजारी धरलीत. बिडाचं कास्टिंग थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतं, स्टीलचं साधारण त्याच्या दुप्पट, म्हणून आमच्या पट्टीचे आकडेच तेवढे ताणलेले असतात. तुम्ही म्हणालात, "पुस्तकात वाचलंय, शिकवलंयही. हातात आज पहिल्यांदा घेतोय." एवढं शिकलेला माणूस एका कारागिरासमोर असं सहज म्हणतो, तेव्हाच मला वाटलं की थोरलीचं काहीतरी बरं होणार. जाताना मला वर्गात यायचं आवतण दिलंत.

त्या वर्गाबद्दल लिहायचं आहे. बाकीचं सगळं एकीकडं आणि तो तास एकीकडं.

मला टेबलाशेजारी खुर्ची दिलीत. माझा सागवानी पॅटर्न टेबलावर होता आणि फौंड्रीच्या रिजेक्शनच्या ढिगातून आणलेलं, मधून कापलेलं एक बिडाचं कास्टिंग होतं. कापलेल्या तोंडावर, बॉसच्या, म्हणजे उंचवट्याच्या, जाड भागात, करंगळी जाईल एवढं भोक. ते तुम्ही बाकांवरून फिरवायला दिलंत आणि एकच प्रश्न विचारलात, की हे भोक गॅसचं की आकसण्याचं? आधी हात वर करायला लावलेत. बहुतेकांनी गॅस म्हणून हात वर केले. आकसण्याच्या बाजूनं थोडेच हात होते आणि त्यात आमची थोरली होती, हात खांद्याच्या वर गेला न गेला असा. तुम्ही बरोबर-चूक काहीच सांगितलं नाही. शेजाऱ्याला पटवून द्या म्हणालात. दोन-तीन मिनिटं वर्गात बाजारासारखा कालवा. मग तुम्ही तिच्याकडं बघून म्हणालात, "तू दुसऱ्या बाजूला होतीस. का?"

ती उभी राहिली आणि गप्प.

सर, तुम्ही थांबलात. खडू टेबलावर ठेवलात, हात मागं बांधलेत आणि नुसते थांबलात. मागच्या एका पोरानं फिसकन हसल्याचा आवाज केला, तर त्याच्याकडं न बघता हाताची नुसती खूण केलीत. तुमची नजर तिच्यावरून हलली नाही, आणि त्या नजरेत घाई नव्हती, दयासुद्धा नव्हती. हिच्याकडं सांगण्यासारखं आहे आणि ते ऐकायचं आहे, एवढंच होतं. मी बाप आहे, मला तो वेळ किती लांब वाटला असेल ते तुम्हाला कळेल. मीच उठून उत्तर देणार होतो. खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो.

मग ती बोलली. मराठीत बोलली. "सर, आतनं खरखरीत लागतंय. गॅसचं असतं तर गुळगुळीत लागलं असतं. आणि हे जाड भागाच्या मधोमध आहे. बाजूचा पातळ भाग आधी थिजला, त्यानं वाट बंद झाली. मधला रस मागनं आकसला, आणि त्याला भरून द्यायला काही उरलंच नाही."

तुम्ही "व्हेरी गुड" म्हणाला नाहीत. ते कास्टिंग पुन्हा फिरवायला दिलंत आणि प्रत्येकाला भोकात बोट घालून बघायला सांगितलंत. मग पुन्हा हात वर करायला लावलेत. या वेळी जवळजवळ अख्खा वर्ग तिच्या बाजूला. मग म्हणालात, "तिचं वाक्य वहीत लिहून घ्या. पेपर इंग्रजीत आहे, तेव्हा खाली इंग्रजीतही लिहा." माझ्या पोरीचं वाक्य साठेक पोरं वहीत लिहून घेत होती. त्यातली काही हायफाय शाळांतून आलेली. मी खिडकीकडं बघत बसलो, कारण डोळे भरले होते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिनं मला दुकानात नेलं. लाकडाचे दोन ठोकळे समोर ठेवले, एकाची बाजू दुसऱ्याच्या दुप्पट. म्हणाली, "पप्पा, मोठा थिजायला किती पट वेळ लागेल?" मी म्हणालो दुप्पट, फार तर तिप्पट. तिनं च्वोरिनॉव्हचा १९४० सालचा नियम सांगितला, की आकारमान भागिले पृष्ठभाग, आणि त्याचा वर्ग. म्हणजे चौपट. जाड भागावर रायझर, म्हणजे आकसताना जादा रस पुरवणारा साठा, ठेवायचा हे आम्हाला आमच्या उस्तादांनी शिकवलं होतं. तो का आणि केवढा, ते मला माझ्या लेकीनं त्या रात्री शिकवलं. तीन वर्षांत पहिल्यांदा ती कॉलेजबद्दल आपण होऊन आनंदानं बोलत होती.

तुमच्याशी नंतर चहा घेताना मी तुम्हाला म्हणालो होतो, तुम्ही एवढा वेळ कसे थांबलात? तेव्हा तुम्ही मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंचं संशोधन सांगितलंत. त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच मोजून ठेवलंय की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभर थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद, सर! त्याला ना बजेट लागतं, ना स्मार्ट बोर्ड. हात वर करायचे, शेजाऱ्याला पटवायचं, पुन्हा हात वर करायचे, ही पद्धतही हार्वर्डच्या एरिक मझूर नावाच्या प्राध्यापकांनी १९९१ पासून रुळवलेली आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. स्वतःची म्हणून मिरवली नाहीत.

एक गोष्ट मात्र इथं मुद्दाम लिहायची आहे, कारण ती तुमच्या अंगावर येते. सुरुवातीला आमचीच थोरली घरी येऊन कुरकुरायची, "पप्पा, हे सर शिकवतच नाहीत. आम्हालाच विचारत बसतात." बाकीच्या पोरांनीही फीडबॅकच्या फॉर्ममध्ये तसंच लिहिलं आणि तुमचे आकडे खाली आले, हे मला तिच्याकडूनच कळलं. मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही चिडला नाहीत. हार्वर्डमध्येच २०१९ साली फिजिक्सच्या वर्गात हे तपासलं होतं म्हणालात. ज्या वर्गात मुलांना स्वतः झगडावं लागलं त्यांना जास्त आलं, पण त्यांना स्वतःला वाटत होतं की आपल्याला कमी आलंय. सुरेख लेक्चर ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, स्वतः करायला घेतलं की आपण कुठं आहोत ते दिसतं. मला हे लगेच पटलं. माझ्याकडं नवीन पोरगं येतं, मी रंधा मारताना बघतं आणि म्हणतं, "मालक, आलं मला." त्याच्या हातात रंधा दिला की पहिल्या फटक्यातच लाकडाची साल निघते आणि पोरगं रडकुंडीला येतं. शिकायला खरी सुरुवात तिथनं होते.

म्हणून कॉलेजच्या वरच्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, या फॉर्मवरच्या आकड्यांवर असल्या शिक्षकाचं मोल करू नका. २०१४ साली अमेरिकेत विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मुलांना बोलतं करणाऱ्या वर्गांपेक्षा नुसत्या लेक्चरच्या वर्गातल्या मुलांची नापास होण्याची शक्यता दीडपट निघाली. आमच्या घरात त्या नापासाचा अर्थ काय होतो ते मी बघितलंय. तो मार्कशीटवर मावत नाही. पोरगी जेवायला बसली की ताटाकडं बघत बसायची, आणि तिची आई स्वयंपाकघरात डोळे पुसायची.

सर, माणसाला माणूस म्हणून वागवायला फार काही लागत नाही. एसटीचा कंडक्टर म्हातारीचा दुसरा पाय पायरीवर टेकेपर्यंत घंटी मारत नाही. बँकेतली बाई अंगठेबहाद्दराची स्लिप भरून देते आणि वर रक्कम वाचून दाखवते. २०१९ च्या महापुरात पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी कधीच मागं टाकली होती, तेव्हा ओळखदेख नसलेल्या पोरांनी लोकांची भांडीकुंडी डोक्यावरून काढली. ह्याच गावात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोरांसाठी बोर्डिंगं काढली. त्या गावातल्या वर्गात एखाद्या पोरीला वाक्य पुरं करायला सवड मिळू नये, हे मला अजून सलतंय. ती सवड तुम्ही दिलीत.

तिचा राहिलेला विषयही आता सुटला. मार्क किती ते इथं लिहीत नाही. पण आता पोरगी मागच्या बाकावर बसत नाही, आणि सबमिशनच्या आधी दोन मैत्रिणींना दुकानात आणून ठोकळे समोर ठेवून च्वोरिनॉव्ह शिकवते. तेही विचारून झालं की गप्प बसून. एकदा मैत्रीण वैतागली, "अगं, तूच सांग की!" तर ही म्हणते, "थांबते मी. तू सांग."

आता कामाचं. दुकानात माळ्यावर जुने पॅटर्न पडून आहेत. पंपाच्या बॉडीचे, पुलीचे, गिअरबॉक्सच्या कव्हरचे, काही कोअरबॉक्ससकट, म्हणजे आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा बनवायच्या पेट्यांसकट. फौंड्र्यांनी डिझाइन बदलल्यामुळं ते आता कुणाला लागत नाहीत. लाकूड चांगलं सागवान आहे. तुमच्या लॅबला उपयोग होणार असेल तर टेम्पो मी पाठवतो, भाड्याचं काही बोलू नका. ओळखीच्या फौंड्रीवाल्यांशीही बोललोय. कापून दाखवायला रिजेक्ट कास्टिंग लागेल तेवढं देतो म्हणालेत, गॅसचं, आकसलेलं, वाळू शिरलेलं, कोल्ड शटचं म्हणजे रसाचे दोन प्रवाह एकजीव न झालेलं, सगळं. एक अट त्यांनी घातली आहे, मुलांना घेऊन भट्टीवर या आणि रस ओतताना बघा. तारीख तुम्ही सांगा, बाकी मी जुळवतो.

आपला,
थोरलीचा बाप
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर