पाव वाजवून दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार. नाव कुठे टाकू नको, असं तुम्ही बजावलंत, म्हणून टाकत नाही. पत्र लिहू नको असं मात्र म्हणाला नव्हतात. परवा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ कडक दिवस, संपला आणि मी बसलेच लिहायला. गेल्या तीन आठवड्यांत आमच्या घरी जे झालं ते तुमच्यासमोर बोलायचं म्हटलं की माझा गळा भरून येतो, आणि तुम्ही "राहू दे बेटा" म्हणून चप्पल घालता.

आमच्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. काचबिंदूने नजर गेली, दात तर त्याच्याही आधी गेले. हिवाळ्यात बाथरूममध्ये पडल्या तेव्हापासून खोलीबाहेर यायचंच त्यांनी सोडलं. ज्या बाईने 2013 च्या मे महिन्यात, नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला त्या आठवड्यातही, संध्याकाळचं अंगणातलं जेवण चुकवलं नव्हतं, ती बाई यंदा खिडकीचा पडदासुद्धा उघडू देईना. त्यांचं एकच मागणं होतं. चहात बुडवला की विरघळेल असा ताजा पाव. दुकानातला त्यांना आंबट लागायचा. म्हणून मी घरी करायचं ठरवलं.

आणि महिनाभर नुसता मैदा वाया घालवला. तळ कोळसा, वरून पांढराफटक, मधे कच्चा चिकट गोळा. ओव्हन दुरुस्त करणारा तीनदा वेळ देऊन चौथ्यांदा आला, हात लावून "गरम तर होतोय" म्हणाला आणि भेटीचे साडेचारशे रुपये घेऊन गेला. ज्यांच्याकडे दोन दिवसांचा क्लास केला त्या बाई फोनवर म्हणाल्या की नागपूरच्या उन्हाळ्यात पाव होतच नाही, केकचं तयार मिश्रण आणा. पण मला खरं लागलं ते भेटायला आलेल्या पाहुण्यांचं. आईंच्या समोर, त्या ऐकत असताना म्हणाले, "कशाला एवढी दगदग? त्यांना आता काय कळतंय? द्यायचं दुधात बिस्किट कुस्करून." आईंनी मान भिंतीकडे वळवली. ती वळलेली मान मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

त्या सकाळी जळलेले दोन पाव गाईसाठी फाटकाच्या कट्ट्यावर ठेवले होते. तुम्ही फिरायला निघाला होतात. थांबलात, एक उचललात, उलटा केलात आणि तळ पाहिलात. महिनाभर प्रत्येकाने माझा पाव वरूनच पाहिला होता. तुम्ही मोडून आतला तुकडा वासाला धरलात आणि विचारलंत, "काऊन फेकून राहिली बेटा? हात नाही चुकला तुझा. भट्टी चुकली." फाटकापाशी उभी राहून मी रडले. तेव्हा तुम्ही तीस वर्षं लाकडाच्या भट्टीसमोर काढली आहेत हेही मला माहीत नव्हतं. मागच्याच गल्लीत राहता हेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तुम्ही दारात होतात. ओव्हन तापल्यावर ट्रेवर चिमूटभर मैदा टाकलात. बघता बघता तो तपकिरी झाला. काटा 180 वर आहे, पण आतली आच त्याहून बरीच जास्त, आणि तीही सगळी खालून, हे तुम्ही त्या चिमटीवरून सांगितलंत. वरचा रॉड चालूच होत नव्हता. बटण एका ठिकाणी अडकत होतं, ते तुम्ही काडीने सारलंत. साडेचारशे रुपयांचं काम एका काडीचं निघालं.

कणकेचंही तसंच. पुस्तकात लिहिलं होतं, तासभर झाकून ठेवा. यीस्टला पंचवीस-तीस अंशांची ऊब मानवते आणि आमच्या ओट्यावर दुपारी चाळीस अंश. अर्ध्या तासात गोळा फुगून खाली बसायचा नि आंबूस वास मारायचा. तुम्ही माठातलं पाणी पुरेसं गार वाटेना म्हणून बर्फाचं पाणी घेतलंत, यीस्ट निम्मं केलंत आणि भिंतीवरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलंत. "घड्याळ नको पाहू, कणीक पाह. बोट दाबलं अन् खळगा हळूहळू भरून आला, म्हणजे झाली." पुढचं कृतीचं सगळं लिहीत बसत नाही, ते ज्याला हवं त्याने तुमच्याकडून शिकावं.

मला लिहायचं आहे ते त्यानंतरचं.

पाव आत गेल्यावर तुम्ही हात पुसलेत आणि विचारलंत, "मावशी कुठे हायत?" मी म्हटलं, आतल्या खोलीत, त्या येत नाहीत. तुम्ही म्हणालात, "पाव त्यांच्यासाठी होऊन राहिला ना? मग त्या इथं पाहिजेत." तुम्ही दाराशी जाऊन हाक मारलीत. आपण कोण, कशाला आलो, आत काय चाललंय, हे त्यांना नीट, सावकाश सांगितलंत. गेल्या सहा महिन्यांत घरात आलेल्या कुणी आईंशी एवढं सलग बोललं नव्हतं. सगळे त्यांच्याविषयी माझ्याशी बोलायचे. खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी आली. आईही आल्या.

वीस मिनिटांनी तुम्ही पाव बाहेर काढलात. मला वाटलं झाला. तुम्ही तो जाड पंचात धरून उलटा केलात, आईंच्या कानाजवळ नेलात आणि बोटाच्या पेराने तळावर वाजवलंत. भद्द असा आवाज आला, ओल्या मातीच्या ढेकळासारखा. "मावशी, हा कच्चा. ध्यानात ठेवा." पुन्हा आत ठेवलात. आठ मिनिटांनी काढलात, पुन्हा त्यांच्या कानाशी नेलात, पुन्हा वाजवलंत. टक्, टक्. कोरडा, पोकळ, रिकाम्या डब्यासारखा. "आता?"

आईंचा चेहरा मी पाहत होते. भुवया वर गेल्या, ओठ हलले. म्हणाल्या, "झाला. रोडगा असाच वाजते."

तुम्हाला आवाज घेण्यासाठी तो पाव मधेच काढायची गरज नव्हती, काका. तीस वर्षांचा हात तुमचा, रंगावरूनच तुम्हाला कळलं असतं. तुम्ही तो काढलात कारण जिला दिसत नाही तिलाही कच्चा नि पक्का यांतला फरक कळावा. आणि निवाडा तिच्याकडून घेतलात. तो ऊन पाव पंचासकट तुम्ही तिच्या मांडीवर ठेवलात. ती दोन्ही हातांनी तो चाचपत होती, लेकराला कुशीत घेतल्यासारखी.

मग आई बोलायला लागल्या. काटोलकडचं त्यांचं माहेर, संत्र्याची बाग, बागेच्या कडेला गोवऱ्यांची आर. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक, मधे तेल लावून पदरावर पदर चढवलेले रोडगे, निखाऱ्यात भाजून फडक्याने राख झटकायची आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पळसाच्या पानांत भाजलेले पानगे. "राख झटकताना वाजवून पाहायचो आम्ही, भद्द वाजला की परत आरात." बावीस वर्षं मी या घरात आहे, हे मी पहिल्यांदा ऐकलं. आम्ही मैदा-यीस्ट घेऊन बसलो होतो आणि भट्टीची विद्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून अंगणात बाज टाकायला लावली. सहा वाजता पाइप लावून अंगण भिजवलं, पहिल्या पाण्याची वाफ जाईपर्यंत थांबलो, दुसरं पाणी मारलं. कडुनिंबाखाली जरा निवलं तेव्हा त्यांना बाहेर आणलं. मोगऱ्याच्या चार कळ्या उशाशी ठेवल्या. ताटात फार काही नव्हतं. पाव, घरचं लोणी, कैरी-कांद्याचा तक्कू, पन्हं, आणि सकाळी चिरून थंड केलेलं डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज. पण तव्याचा आणि पोळपाटाचा आवाज नसलेलं, सगळं आधीच तयार असलेलं, वारा सुटायची वाट बघत सावकाश खाल्लेलं ते जेवण, त्यासारखं सुख नागपूरच्या मे महिन्यात दुसरं नाही. सकाळीच ओव्हन बंद झालेला असतो, घर तापत नाही, आणि संध्याकाळी बाईमाणूसही बाकीच्यांसोबत बसू शकतं. आईंनी पन्ह्यात बुडवून अर्धा पाव खाल्ला. चहात नाही, पन्ह्यात! मी काही बोलले नाही.

तेव्हापासून तीन आठवडे त्या रोज पहाटे दाराशी खुर्ची घेऊन बसतात. पाव काढला की मी त्यांच्या कानाशी नेते. त्या "आणखी" म्हणाल्या की परत आत, "झाला" म्हणाल्या की जाळीवर. एकदाही त्या चुकलेल्या नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांनीच सांगितलं म्हणून हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या मृग बहाराच्या संत्र्यांची साखरेत मुरवलेली साल कणकेत घातली. फेब्रुवारीत मुरवून ठेवली होती ती बरणी मी विसरूनच गेले होते. तो पाव शेजारच्या दोन घरी दिला आणि शेजारणी कृती विचारायला आईंकडे आल्या, माझ्याकडे नाही.

तुम्हाला पैसे विचारले तेव्हा तुम्ही नुसते हसलात. शेवटी एक पाव नेलात, तोही कागदात, पिशवी परत करायला येणं होईल म्हणून. अशी माणसं असतात हे मी ऐकत आले होते. हाताखालून हजारो पाव गेलेला माणूस एका बाईच्या बिघडलेल्या पावासाठी पहाटे उठतो, आणि घरात कोण बसलं आहे हे आधी विचारतो. माणूसपण यालाच म्हणत असावेत. क्लासमध्ये, दुरुस्तीच्या दुकानात, पाहुण्यांच्या गप्पांत मला ते सापडलं नाही. फाटकाच्या कट्ट्यापाशी सापडलं. त्या सगळ्यांवरचा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला लिहू. पण सकाळी तो "टक्" ऐकला की तेवढ्यापुरता तरी तो आठवत नाही.

काका, एक निरोप आहे. पाऊस लागायच्या आत आईंना अंगणात रोडगे करायचे आहेत. गोवऱ्या काटोलहून मागवल्या आहेत, वांगी रविवारी गोकुळपेठेतून आणणार आहे. आईंचं म्हणणं आहे की रोडगे भाजताना तुम्ही आरापाशी बसायचं आणि वाजवून त्या सांगणार. तुमच्याकडे किती पदरी करतात, हेही त्यांनी विचारलं आहे. रविवारी संध्याकाळी सहाला या. काकूंना घेऊन या.

तुमची,
कडुनिंबाच्या घरची सून